गनवाले लांजेवार

आमच्या कारखान्यात लांजेवार दोन होते. एक गाडीवाले, एक गनवाले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी घरी जेवताना म्हणाले, "आज गनवाल्या लांजेवारांनी माझी चांगलीच जिरवली," तर आईचा वाढता हात थांबला. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरात तोवर बँक, शाळा आणि सरकारी कचेरी यांच्यापलीकडे कोणी नोकरी केली नव्हती. गन म्हणजे फाटकावरच्या पहारेकऱ्याची बंदूक, एवढंच तिला माहीत. मी तिला समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मलाही ते पुरतं समजलेलं नाही.

ते मला समजलं लांजेवारांकडूनच. हिंगणा रोडवरचा आमचा कारखाना झिजणाऱ्या यंत्रांच्या भागांवर थर चढवून द्यायचा. पंपाचे दांडे, गिरण्यांचे रोलर, कुठली कुठली झाकणं. गन म्हणजे प्लाझ्मा गन. हातभर लांबीची, आतून पाण्याने थंड ठेवलेली. तिच्यात विजेची ज्योत पेटवायची, तिच्यातून वायू सोडायचा, की पुढून निळसर पांढरी जीभ बाहेर पडते. ती सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही गरम असते. तिच्यात मैद्यासारखी बारीक पावडर सोडली, मग ती धातूची असो की चिनीमातीच्या जातीची, की क्षणात वितळते आणि समोरच्या लोखंडावर जाऊन आपटते. थेंबावर थेंब बसत जातात. शेवटी जो थर तयार होतो तो दोन-चार केसांच्या जाडीचा, पण तो नीट बसला तर आतलं लोखंड वर्षानुवर्षं झिजत नाही.

नीट बसला तर. लांजेवारांचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांच्या मागे गेलं होतं.

बुटका, खांद्यात रुंद माणूस. सावनेरच्या बाजूचे. घरची कापसाची शेती थोरला भाऊ करायचा आणि हे रोज बसने नागपूरला येऊन-जाऊन असायचे. मानेचा समोरचा भाग कायम भाजल्यासारखा लालसर, कारण त्या ज्योतीचा उजेड कपड्यांच्या फटीतूनही चटका देतो. आणि केस? कोरडे, उभे, विंचरलेले असूनही न विंचरलेले. ते केसांना तेल लावत नसत. रविवारी सुद्धा नाही, कारण रविवारचं तेल सोमवारी कपाळावर उतरतं, असं त्यांचं म्हणणं. आल्या आल्या अंगठी आणि घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात टाकायचे, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, परत धुवायचे. कोणी समोर आलं की नमस्कार-रामराम काही नाही. "हात धुतले?" हाच त्यांचा नमस्कार. साहेबांना, म्हणजे आमच्या मालकांनाही, ते हेच विचारायचे आणि साहेब हसून दोन्ही हात पुढे करून दाखवायचे.

थंडीत सगळं नागपूर संत्री खातं. लांजेवारांच्या राज्यात संत्र्याला बंदी होती. सोलताना सालीतून जे तेल उडतं ते त्यांना दिसायचं म्हणे. एकदा गाडीवाल्या लांजेवारांनी डब्यासोबत संत्रं सोलून त्याच हाताने एक रोलर उचलायला मदत केली, तर ह्यांनी त्यांना नळाखाली तीन वेळा उभं केलं. "गाडी चालवा न तुम्ही, बाप्पा. हे काहून उचलून राहिले?"

माझी जिरवली ती अशीच. थर चढवायच्या आधी लोखंडावर वाळूसारखे कडक कण जोराच्या हवेने मारून ते खरखरीत करतात. त्याला ब्लास्टिंग म्हणतात. तसा एक रोलर नुकताच बाहेर आला होता, राखाडी, मऊ मखमल असावी तसा दिसणारा. मी नवी, क्वालिटी विभागातली इंजिनिअर, हातात वही. मी बोट टेकवलं. लांजेवार दहा फुटांवर होते. ओरडले नाहीत. जवळ आले, रोलरकडे पाहिलं, माझ्या वेणीकडे पाहिलं.

"मॅडम, सकाळी डोक्याले तेल लावलं का?"

"हो. का?"

"काही नाही." आणि त्यांनी तो अख्खा रोलर परत ब्लास्टिंगला पाठवला. अर्ध्या दिवसाचं काम. सगळे माझ्याकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. एक टाकाऊ पत्रा त्यांनी ब्लास्ट करून घेतला होता. माझ्यासमोर मला त्यावर अंगठा दाबायला लावला, मग त्यावर थर चढवला आणि पत्रा शिकंज्यात धरून वाकवला. सगळीकडे थर नुसता तडकला. अंगठा होता तिथे मात्र तो उचलून आला, माझ्या अंगठ्याएवढाच, खपलीसारखा. त्यांनी ती खपली माझ्या तळहातावर ठेवली. "मी म्हणलं म्हणून नोका मानू. पाहून घ्या," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी कामाच्या दिवशी तेल लावणं सोडलं. आई अजून त्यावरून बोलते.

थर लोखंडाला का चिकटतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. लांजेवारांनी ते वेगळं सांगितलं. "चिकटत नाही तो. पकडते. आमच्या घरी माय भिंतीवर गोवऱ्या थापे. मातीची भिंत खरबडी, गोवरी बसली की वाळेपर्यंत हालत नसे. मग भावानं सिमेंटची गुळगुळीत भिंत बांधली. माय रोज थापे अन् सकाळी समद्या खाली. माय म्हणे, भिंतीले नजर लागली. नजर काय लागते? पकडाले जागाच नाही तिथं." एवढं सांगून ते स्वतःच पुष्कळ वेळ हसले. परीक्षेत मला हा प्रश्न आला होता आणि मी दोन पानं लिहिली होती. त्या दोन पानांत एवढं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडायची, ती म्हणजे सुताच्या गिरणीचं काम. एका गिरणीतून लोखंडाच्या छोट्या कड्या आल्या होत्या, ज्यांतून धागा धावतो. प्रत्येक कडीला धाग्याने खोल चर पाडला होता, करवतीने कापावा तसा. लांजेवार त्या कड्या उन्हात धरून बघत राहिले.

"हे कापसानं केलं?" त्यांनी मला विचारलं.

"हो काका. धागा दिवसभर घासत जातो ना."

"म्हणजे आमचा कापूस लोखंड कापते!" त्यांनी त्यातली एक कडी साहेबांना विचारून घरी नेली. भावाला दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "भाऊ म्हणे, भाव मिळत नाही तं काय, ताकद तं आहे." त्या कड्यांवर त्यांनी जो पांढरा थर चढवला, तो इतका एकसारखा होता की मोजताना मला वाटलं माझं यंत्रच अडकलं आहे. दरवेळी तोच आकडा.

मी हे सगळं कौतुकाने सांगते आहे. पण पुढचं सांगायचं टाळण्यासाठी सांगते आहे, हेही मला कळतं.

गन चालू असताना बूथमध्ये कानठळ्या बसवणारा आवाज होतो. जेट विमान शेजारी उभं असावं तसा. म्हणून बूथला जाड भिंती, आणि आत जाणाऱ्याच्या कानांवर जाड टोप्या. लांजेवार डाव्या कानावरची टोपी थोडी वर सरकवून ठेवायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टोकलं. ते म्हणाले, "मॅडम, गन बोलते. आतलं तांबं झिजलं की तिचा आवाज बदलते. यंत्रावर दिसाच्या आधी मले कळते." आणि ते खरं होतं. दोन-तीनदा त्यांनी गन बंद करून आतला भाग बदलायला लावला, आणि प्रत्येक वेळी तो झिजलेला निघाला. मी टोकायचं सोडून दिलं. कौतुकच करायला लागले. आता वाटतं, ती टोपी खाली ओढून देणं हे माझं काम होतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन वाजला. मुलीचा होता, तिचं लग्न होऊन ती भंडाऱ्याला गेली होती. त्यांनी फोन कानाला लावला, थोडा वेळ "हो, हो" केलं, मग फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही बोला न जरा. लाइन साफ नाही." मी फोन घेतला. लाइन अगदी स्वच्छ होती. मुलगी विचारत होती, "बाबा, डॉक्टरांकडे गेले का?" मी तिला काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. लांजेवार माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने ते असंच बघतात. बूथजवळ सगळेच एकमेकांच्या ओठांवरून अर्धं बोलणं ओळखत, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नव्हतं.

"दोन्ही कान?" मी विचारलं.

"उजवा जरासा आहे." मग घाईने म्हणाले, "कामाले फरक नाही पडत, मॅडम. आता मी आवाजावर नाही जात. ज्योतीचा रंग पाहतो, तिची लांबी पाहतो, पाइपावर हात ठेवतो. थरथर कळते. तुम्ही माझं काम मोजून पाहा, कुठं कमी दिसलं तं सांगा."

मी मोजत होतेच. कुठेही कमी नव्हतं.

"साहेबाले सांगू नोका. गन काढून घेतील हातातून."

"नाही सांगणार," मी म्हणाले. "पण कान दाखवा."

"दाखवतो," ते म्हणाले. दाखवले नाहीत. मी परत विचारलं नाही.

त्यानंतर आमच्यात एक वेगळाच विश्वास तयार झाला. पूर्वी ते सगळं स्वतः तपासायचे, पावडर कोरडी आहे का, हवा कोरडी आहे का, सगळं. आता हवेचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. हवा तपासायची पद्धत त्यांनीच शिकवली होती. जोराच्या हवेची नळी उघडायची, तिच्यासमोर पांढरं सुती फडकं धरायचं आणि मिनिटाने पाहायचं. फडक्यावर एक जरी ओला डाग दिसला तरी काम थांबवायचं. कारण हवेतला ओलावा त्या खरखरीत लोखंडावर बसतो, डोळ्यांना न दिसणारा गंज धरतो, आणि मग थराला पकडायला जागा उरत नाही. रोज काम सुरू करण्याआधी ते विचारायचे, "मॅडम, हवा पाहिली?" मी "पाहिली" म्हणाले की गन पेटायची.

श्रावणातली गोष्ट. सावनेरकडच्या एका कोळशाच्या खाणीतून पंपाच्या नळ्या आल्या होत्या. पंपाच्या दांड्यावर ह्या नळ्या बसवतात, म्हणजे झीज दांड्याची न होता नळीची होते. खाणीत पाणी भरत होतं आणि एक पंप बंद पडला होता. साहेब दिवसातून चारदा खाली येऊन विचारत. त्यात त्यांची चूक नव्हती. पाण्यात माणसं उतरून काम करत होती.

लांजेवारांना त्या कामाचं फार अप्रूप होतं. खाण त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. तिथून उपसलेलं पाणी ज्या नाल्यात जातं तो त्यांच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. "भावाले सांगतलं मी," ते म्हणाले, "आता त्या पंपात माझा हात राहीन."

हवेतलं पाणी काढणारं आमचं यंत्र त्या दिवसांत अधूनमधून बंद पडत होतं. त्या दिवशी सकाळी मी फडकं धरलं. कोरडं होतं. सकाळच्या नळ्या झाल्या. दुपारी जेवणानंतर यंत्र पुन्हा दहा-पंधरा मिनिटं बंद पडलं, मग चालू झालं. मला ते माहीत होतं. बाहेर पाऊस लागला होता, हवा जड होती. साहेबांचा फोन आला, "मॅडम, गाडी पाच बजे निकलनी चाहिए." मी फोन ठेवला तेव्हा लांजेवार बूथच्या दारात उभे होते, हात धुतलेले, कोपरापासून पाणी निथळत असलेले.

"मॅडम, हवा पाहिली?"

फडकं माझ्या टेबलावर घडी करून ठेवलेलं होतं. मिनिटाचं काम.

"पाहिली," मी म्हणाले.

ते आत गेले.

नळ्या सुंदर दिसत होत्या. काळ्याभोर, जाडी एकसारखी. मी कागदावर सही केली. गाडी पाचला गेली.

आठ-दहा दिवसांनी खाणीचे इंजिनिअर आले. साहेबांच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर एक नळी. तिच्यावरचा थर फुटक्या काळ्या बांगड्यांसारखा सुटून बाजूला पडला होता. खाणीत कोणाला इजा झाली नव्हती, हे इंजिनिअरांनी आधी सांगितलं. पंप थांबला, पाणी वाढलं, माणसं वेळेवर वर काढली. मग त्यांनी विचारलं, "काय झालं नेमकं?"

खोलीत आम्ही चौघं होतो. लांजेवार माझ्यासमोर, टेबलाच्या पलीकडे, हात गुडघ्यांवर ठेवून. ते त्या तुकड्यांकडे बघत होते. एक तुकडा त्यांनी उचलला, उलटा केला, खालची बाजू पाहिली. तांबूस होती. त्यांना कळलं. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे.

इंजिनिअर म्हणाले, "हवा तपासली होती?"

मी म्हणू शकले असते, सकाळी तपासली, दुपारी नाही. चार शब्द. साहेब रागावले असते, कदाचित मला काढलं असतं, कदाचित नसतं. त्याऐवजी मी म्हणाले, "हवा ठीक होती, सर. खरं सांगायचं तर लांजेवारांना आता कमी ऐकू येतं. गनचा आवाज बदलला तरी त्यांच्या लक्षात येत नाही."

मी हे हळू आवाजात म्हणाले. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

साहेबांनी चमकून लांजेवारांकडे पाहिलं. मुद्दाम मागच्या बाजूला जाऊन त्यांना हाक मारली. ते वळले नाहीत. झालं. तेवढ्याने सगळं सिद्ध झालं.

"मॅडमनं हवा पाहिली नव्हती" असं लांजेवार म्हणू शकत नव्हते, कारण ते त्यांना माहीत नव्हतं. मी "पाहिली" म्हणाले होते आणि त्यांनी मानलं होतं. ते एवढंच म्हणाले, "काम माझ्या हातचं आहे, साहेब." घरी जाताना बसमध्ये मी स्वतःला बजावत राहिले की मी काय बोलले ते त्यांना ऐकू गेलं नसणार. मला दुसऱ्या कशाचाही आधार नव्हता.

साहेबांनी त्यांना काढलं नाही. कानांच्या तपासणीला पाठवलं, तपासणीत जे यायचं ते आलं, आणि गन इरफानकडे दिली, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाकडे. लांजेवारांना चिकटपट्ट्यांच्या टेबलावर बसवलं. ज्या भागावर थर नको तिथे पट्टी लावायची, एवढंच काम. ते त्यांनी गनसारखंच केलं. पट्टीची कड सुईने दाबून बसवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला अजून विचारायचे, "हात धुतले?" इरफानला, गाडीवाल्या लांजेवारांना, साहेबांनाही.

मला विचारायचं त्यांनी सोडून दिलं. बाकी वागण्यात काही फरक नव्हता. मी टेबलाजवळ गेले की उठून उभे राहायचे, "हो मॅडम" म्हणायचे, पण हातांबद्दल विचारायचे नाहीत. मी धुतलेले हात पुढे करून उभी राहिले असते तरी विचारलं नसतं, असं वाटायचं.

दीड-दोन महिन्यांनी एका शनिवारी त्यांनी ज्योतीकडे पाहायचा आपला काळा चष्मा पुसून इरफानच्या टेबलावर ठेवला, खिशातल्या रुमालातून अंगठी काढून बोटात घातली आणि गेले. सोमवारी आले नाहीत. निरोप-समारंभ वगैरे काही झालं नाही.

मी आणखी दोन वर्षं तिथे होते. काम वाढलं, माझा पगार वाढला. मग एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. जायच्या दिवशी मी साहेबांना एक पान लिहून दिलं. त्यात त्या दुपारचं सगळं होतं, फडक्यासकट. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं आणि खणात ठेवलं. "अब इसका क्या करूं, मॅडम?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खाली इरफानकडून मी लांजेवारांचा पत्ता घेतला. तो घेतल्यावरही सावनेरला जायला मला चार महिने लागले.

घर गावाच्या कडेला. अंगणात टिनाचं छप्पर टाकलेलं, त्याखाली वेल्डिंगचं यंत्र, ऐरण, आणि वखराच्या पासांचा ढीग. पास म्हणजे वखराचं लोखंडी पातं, जमिनीत घासून झिजतं ते. त्याच्या धारेवर वेल्डिंगने कडक धातूची एक रेघ चढवून, मग कानशीने घासून द्यायचं, असं काम ते करत होते. डोकं पार पांढरं झालं होतं. आणि केस तेल लावून चापून बसवलेले. मला ते ओळखू आले, तरी क्षणभर अनोळखी वाटले.

"या मॅडम," ते म्हणाले. जराही आश्चर्य दाखवलं नाही. "बसा. काय वं, पाणी आण!"

लांजेवारकाकू पाणी घेऊन आल्या, मग चहा. लांजेवारांनी विचारलं, गन कशी आहे. मी सांगितलं, नवीन घेतली. इरफान टोपी दोन्ही कानांवर घालतो का, हेही विचारलं. मी म्हणाले, घालतो. त्यांनी मान हलवली. मुलीला मुलगा झाला होता, कापसावर बोंडअळी होती, बसगाड्या वेळेवर नसतात. मी जे बोलायला आले होते त्याच्या भोवती आम्ही दोघंही फिरत राहिलो. चहा संपला. ते उठून आपल्या कामाशी गेले, कारण एक जण संध्याकाळी पास न्यायला येणार होता. माझ्याकडे पाठ करून त्यांनी कानस चालवायला सुरुवात केली.

त्या पाठीकडे बघून मला धीर आला. मी उभी राहिले आणि बोलून टाकलं. सगळं. हवेचं, फडक्याचं, साहेबांच्या खोलीतल्या त्या वाक्याचं. चुकलं माझं, म्हणाले. रडू येत होतं, तरी वाक्यं पूर्ण केली. कानस तशीच चालू होती.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "पाठीमागून नाही कळत त्याईले, बाई. समोर जा. तोंड दिसलं की समदं कळते. साहेबाच्या खोलीतलंही कळलं होतं."

मी समोर गेले. त्यांच्या आणि ऐरणीच्या मध्ये उभी राहिले. लांजेवारांनी कानस खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या ओठांकडे बघू लागले. पहिल्यांदा बोलले ते फार सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं. आता प्रत्येक शब्द नीट उच्चारायला हवा होता. रडलं तर ओठ वाकडे होतात, आणि मग वाचता येत नाही. मी हळूहळू, सावकाश, सगळं परत सांगितलं. मध्ये एकदा त्यांनी हात वर केला. एक शब्द त्यांना कळला नव्हता. मी तो पुन्हा म्हणाले. "खोटं."

त्यांनी मान हलवली.

"साहेबांना लिहून दिलंय मी," मी म्हणाले. "नोकरी सोडताना."

"सोडताना?"

"हो."

पासेवरचा लोखंडाचा चुरा त्यांनी बोटाने झटकला.

"राग आहे, मॅडम," ते म्हणाले. "नाही म्हणून कशाले सांगू? कानाचं म्हणलं त्याचा नाही तेवढा. कान तं गेलेच होते. पण तुम्ही हवा पाहिली म्हणल्या, म्हणून मी पाहिली नाही. जिंदगीत तेवढं एकच काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं. त्याचा राग तुमच्यावर आहे, अन् माझ्यावरही आहे." मग म्हणाले, "आल्या, बरं केलं. चारची बस आहे. ती चुकली तं पुढची लवकर नाही."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले, तर ते मागे सरले. रागाने नाही. "हात काळे होतील," म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला आणि खाली बसले.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथून मी वळून पाहिलं. छपराच्या सावलीत ते पास उलटसुलट करून तिची धार उजेडाकडे धरत होते, मग परत कानस, मग परत उजेड. एकदा मान वर झाली आणि मला वाटलं ते इकडे बघणार. पण ते धार किती सरळ आली आहे ते बघत होते. हाक मारून उपयोग नव्हता. त्यांनी पास बाजूच्या ढिगावर ठेवली, दुसरी उचलली, आणि मी बसस्टँडकडे चालू लागले.